रजिस्टरमध्ये नसलेला रुग्ण: कोरकू, पावरी, माडिया भागांतल्या मानसिक आरोग्य सेवेचं मूल्यमापन कसं करावं

आदिवासी तालुक्यातल्या मानसिक आरोग्य सेवेचा मूल्यमापन अहवाल उघडला की पहिल्या पानावर बहुधा तेच असतं: शिबिरं इतकी, लाभार्थी इतके, समुपदेशन इतक्यांचं, समाधानी इतके टक्के. आकडे खोटे नसतात. पण ते असतात ओपीडीपर्यंत पोचलेल्या, मराठी किंवा हिंदी बऱ्यापैकी येणाऱ्या माणसांचे. जी बाई आलीच नाही, किंवा एकदा आली, डॉक्टर काय म्हणाले ते न कळता गोळ्या घेऊन गेली आणि परत फिरकली नाही, तिचा त्या अहवालात पत्ता नसतो. सेवा चालते की नाही हे तिला विचारल्याशिवाय कळणार कसं?

हा लेख जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणाऱ्यांसाठी, संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आणि एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरण मेळघाटचं घेतलं आहे, म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके. इथली मुख्य भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात पावरी किंवा भिली असेल, गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीत माडिया. तपशील बदलतील, पायऱ्यांचा क्रम तोच राहील. लोक बहुतेक वेळा चुकतात ते या क्रमातच.

## १. आधी प्रश्न ठरवा, फॉर्म नंतर

बहुतेक जण उलट करतात. कुठूनतरी प्रश्नावली मिळते, ती घेऊन गावात जातात आणि काय शोधायचं होतं ते परत आल्यावर ठरवतात.

एका कागदावर चार प्रश्न लिहा. सेवा पोचली का? कळली का? टिकली का? आणि त्या माणसाच्या जगण्यात फरक पडला का? चारही एकाच फेरीत नीट होत नाहीत. वेळ आणि माणसं कमी असतील तर पहिले तीन घ्या. चौथ्यासाठी तीच माणसं सहा महिन्यांनी पुन्हा भेटावी लागतात, आणि एका भेटीवरून 'फरक पडला' असं लिहिणं ही थापच.

मोजमापाचा आधार घरचा घेऊ नका, कायद्यात तो दिलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १८ म्हणतं की सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी, भौगोलिकदृष्ट्या पोचण्याजोगी आणि भेदभावाविना मिळाली पाहिजे. कलम २२ प्रमाणे आजार आणि उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणं हा त्याचा हक्क आहे. तेव्हा 'कोरकूत कुणी समजावलं का?' हा प्रश्न अहवालात सौजन्याचा भाग म्हणून मागे टाकू नका, तो पहिल्या पानावर हवा.

## २. गावात जाण्याआधी कागद वाचा

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याचं पथक, तिन्ही ठिकाणची रजिस्टरं बघा: ओपीडी, रेफरल, फॉलोअप आणि औषधसाठा. लेखी परवानगी आधी घ्या. नावं उतरवून घेऊ नका. गाव, वय, लिंग, निदान आणि भेटींच्या तारखा एवढं पुरतं.

शून्याची गावं शोधा. वर्षभरातले रुग्ण गावनिहाय मांडा. समजा केंद्राखाली तीस गावं आणि ढाणे (छोट्या वस्त्या) आहेत, आणि त्यांपैकी अठरा ठिकाणांहून वर्षभरात एकही नाव नाही. त्या अठरा ठिकाणी सगळ्यांचं मन ठणठणीत आहे असं कुणी म्हणणार नाही. नकाशावर त्यांना लाल ठिपके द्या. तुमचं निम्मं काम आता तिथे आहे.

पहिली भेट आणि दुसरी भेट वेगळी मोजा. 'एकूण भेटी' या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एकच रुग्ण दहा वेळा आला तरी तो दहा दिसतो. पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण पुढच्या तीन महिन्यांत एकदा तरी परत आले, हे काढा.

औषधसाठ्याचं रजिस्टर सावकाश वाचा. या कामातलं सगळ्यात प्रामाणिक पुस्तक हेच. तीव्र मानसिक आजारासाठीचं रिस्पेरिडोन, नैराश्यासाठीचं फ्लुओक्सेटिन, मिरगीसाठी लागणारं सोडियम व्हॅल्प्रोएट, यांच्या पानांवर शिल्लक शून्य झाल्याची तारीख आणि पुढची आवक यांच्यामधले दिवस मोजा. मग फॉलोअप रजिस्टर शेजारी ठेवा. ज्या महिन्यात गोळ्या नव्हत्या, त्याच्या पुढच्या महिन्यात रुग्ण गळालेले दिसतात. आणि शेरा असतो: 'रुग्णाने उपचार सोडले.'

> सावधान: रजिस्टरमध्ये भाषेचा रकाना बहुधा नसतो. म्हणून कास्देकर, जांबेकर, बेठेकर ही आडनावं पाहून 'कोरकू भाषक' असा शिक्का मारण्याचा मोह होतो. आडनावावरून जमात कळेल, भाषा नाही. आश्रमशाळेत शिकलेला कास्देकर मराठीत तुम्हाला हरवेल, आणि त्याच्या आजीला मराठीतला 'ताण' हा शब्द माहीतही नसेल.

टक्केवारीबद्दल एक सांगतो. २०१५-१६चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे तिथला टक्का उचलून 'आपल्या तालुक्यात इतके रुग्ण असायला हवेत' असा गुणाकार करू नका. त्याऐवजी निवडलेल्या प्रत्येक गावात आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील आणि भूमका (गावातला पारंपरिक उपचार करणारा) यांना वेगवेगळं भेटून विचारा: एकटं बडबडणारं, घर सोडून भटकणारं, झटके येणारं, महिनोन्‌महिने कामाला न गेलेलं कुणी आहे का? तीव्र आजार आणि मिरगी अशा चौकशीतून बऱ्यापैकी सापडतात. नैराश्य सापडत नाही, त्यासाठी पुढची पायरी.

## ३. वेळ निवडा

दिवाळीनंतर मेळघाटातली अर्धी-अर्धी गावं कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. तुम्ही जानेवारीत गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील. कर्ती माणसं, म्हणजे ज्यांची झोप कर्जापायी उडालेली आहे ती, दूर कुठेतरी वीटभट्टीवर असतील. ऐन पावसाळ्यात नाले भरले की काही ढाण्यांना जाताच येत नाही, आणि पेरणीच्या दिवसांत कुणाला बोलायला वेळ नसतो. होळीचा सण आणि त्याचा बाजार आटोपल्यावरचे काही आठवडे बरे. दिवस निवडतानाही चुकू नका: ज्या दिवशी आठवडी बाजार, त्या दिवशी गाव रिकामं.

तपासून घ्या: स्थलांतर करणाऱ्यांच्या गोळ्या बाहेरगावी असताना कुठून येतात? हा प्रश्न प्रश्नावलीत आहे का? बहुतेक प्रश्नावल्यांत नसतो.

## ४. दुभाषी: इथे घाई केली की पुढचं सगळं वाया

मी हे चूक करून शिकलो. एका तालुक्यात आम्ही पदवीधर, चुणचुणीत मुलगा दुभाषी म्हणून घेतला होता. एक आजी पाच मिनिटं बोलली. मध्ये तिने छातीवर हात ठेवला, एकदा अंगणातल्या चुलीकडे बोट दाखवलं. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "काही त्रास नाही म्हणते, सर." मी रकान्यात 'नाही' लिहिलं. आजीच्या परवानगीने रेकॉर्डिंग केलं होतं, ते रात्री दुसऱ्या एका कोरकू ताईंना ऐकवलं. मुलगा गेल्यापासून चुलीपाशी बसलं की छातीत दगड बसतो, घास उतरत नाही, असं आजी सांगत होती. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "ते घरचं होतं, सर. दवाखान्याचं नव्हतं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. दुखणं म्हणजे ताप, खोकला, जुलाब असं त्याला वाटत होतं, आणि दुसरं काही आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.

निवड करताना:

- त्याच गावची आशाताई नको. ती सेवेचा भाग आहे. तिच्यासमोर 'गोळ्या मिळत नाहीत' असं कोण म्हणेल?
- घरातलं माणूस नको. सुनेचं दुखणं सासूच्या तोंडून ऐकण्यात अर्थ नाही, आणि शाळकरी मुलाकडून आईच्या मनातलं वदवून घेणं तर क्रूर आहे.
- बाईशी बोलायला बाईच हवी.
- शेजारच्या गावचा दुभाषी चालेल. बोलीतला फरक आधी ऐकून घ्या.

निवडल्यावर दोन दिवस सराव. दुभाष्याने 'ती म्हणते की' असं न म्हणता 'माझ्या छातीत दगड बसतो' असं त्या माणसाच्याच तोंडाने बोलायचं. काही गाळायचं नाही, काही आवरतं घ्यायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही. तुम्ही छोटी वाक्यं बोला आणि दुभाष्याकडे न बघता त्या माणसाकडे बघा. दुभाष्याला दिवसाची मजुरी नव्हे, नीट मानधन द्या. आणि दिवसाअखेर त्याच्याशीही बोला. दिवसभर दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या तोंडून सांगायचं हे सोपं काम नाही.

तपासून घ्या: पहिल्या पाच मुलाखती रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या कोरकू भाषकाकडून पडताळून घ्या. पाच मिनिटांचं बोलणं एका वाक्यात आलं असेल तर थांबा आणि सराव पुन्हा घ्या.

## ५. प्रश्नावली: भाषांतराआधी शब्द गोळा करा

### अ) गोष्ट सांगा आणि ऐका

फॉर्म न काढता दहा-पंधरा जणांशी बोला. निदान सांगू नका, गोष्ट सांगा: "एक बाई आहे. दोन बाजार झाले, ती शेतात जाते पण हात चालत नाही. रात्री उठून बसते. पोरांवर चिडते, मग रडते. तिला काय झालं असेल? तुमच्यात याला काय म्हणतात? ती कुणाकडे जाईल?" उत्तरं जशीच्या तशी, कोरकूत लिहून घ्या. कुणी म्हणेल बाहेरचं लागलं, कुणी म्हणेल रक्त कमी झालं, कुणी म्हणेल नवरा पितो. तिन्ही उत्तरं उपयोगाची आहेत, कारण ती बाई मदतीला कुठल्या दारात जाईल ते त्यांवरून कळतं.

### ब) मग भाषांतर

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ सर्रास वापरली जाते: नऊ प्रश्न, मागचे दोन आठवडे, गुण ० ते २७. मराठी आवृत्ती घेऊन दुभाष्याने जागच्या जागी कोरकूत विचारणं हे भाषांतर नव्हे. प्रत्येक घरात वेगळा प्रश्न विचारला जातो. एकाने कोरकूत करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणावं, आणि दोन्ही मराठी शेजारी ठेवून सगळ्यांनी बसून भांडावं. 'उदास' परत येताना 'आजारी' होऊन आला, तर तो शब्द गेला. मराठीतल्या आदरार्थी 'तुम्ही'कडे खास लक्ष द्या. कोरकूत एकवचन, द्विवचन, अनेकवचन अशी तीन वचनं आहेत. तुमचा 'तुम्ही' एकट्या माणसाला विचारतोय, नवरा-बायको दोघांना की घरादाराला, हे भाषांतरात पक्कं करा.

कोरकू देवनागरीत लिहिता येते, पण ती बोलणाऱ्यांना लिहिलेली कोरकू वाचायची सवय नसते. त्यामुळे छापील फॉर्म देऊन 'भरा' म्हणू नका. प्रश्न रेकॉर्ड करून मोबाइलवर ऐकवा, म्हणजे प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच सुरात जातो.

### क) उत्तरांचे पर्याय हातात द्या

'अनेक दिवस', 'निम्म्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' या पर्यायांवर तर मराठी माणूसही अडखळतो. आम्ही चौदा चिंचोके ठेवतो. "मागच्या दोन बाजारांत इतके दिवस होऊन गेले. त्यांतल्या किती दिवशी झोप आली नाही? तेवढे चिंचोके माझ्याकडे सरकवा." आजीसुद्धा चिंचोके सरकवताना विचार करते, एक परत घेते. तो परत घेतलेला चिंचोका मला कुठल्याही टक्क्यापेक्षा भरवशाचा वाटतो. किती चिंचोक्यांना कुठला पर्याय, हे मात्र सुरू करण्याआधी कागदावर ठरवून ठेवा.

### ड) अर्थ विचारून बघा

प्रत्यक्ष कामाआधी आठ-दहा जणांना प्रत्येक प्रश्नानंतर विचारा: "मी आत्ता काय विचारलं? तुमच्या शब्दांत सांगा." 'एकाग्रता' आणि 'स्वतःबद्दल वाईट वाटणं' हे दोन प्रश्न हमखास अडकतात. अडकलेला प्रश्न रेटू नका, उदाहरण बदला. वर्तमानपत्र वाचण्याऐवजी बियाणं निवडणं, हिशोब करणं.

> सावधान: १० किंवा जास्त गुण म्हणजे नैराश्य, ही सीमा दुसऱ्या भाषांत, दुसऱ्या लोकांवर तपासलेली आहे. तुमच्या कोरकू आवृत्तीवर ती तपासली नसेल तर 'इतके टक्के नैराश्यग्रस्त' असं लिहू नका. 'इतक्यांनी इतक्या तक्रारी सांगितल्या' असं लिहा.

## ६. नवव्या प्रश्नाची तयारी

पीएचक्यू-९मधला शेवटचा प्रश्न मरून जाण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला 'हो' आलं तर पुढे काय, हे ठरलेलं नसेल तर तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क नाही. आधी लिहून ठेवा: त्या दिवशी कुणाला फोन करायचा, माणसाला कोण सोबत नेईल, गाडी कुणाची, घरातली कीटकनाशकं कोण बाजूला ठेवेल, आठवड्याने परत कोण भेटेल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, पण आधी त्याच गावातून स्वतः लावून बघा. रेंज येते का? पलीकडचा माणूस कोरकूत बोलू शकतो का? नसेल तर तो क्रमांक एकट्याने पुरत नाही.

पोलिसांची भीती गावात मोठी असते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं २०१७च्या कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं आणि तिच्यावर खटला किंवा शिक्षा नको असं म्हणतं. हे दुभाष्याला नीट समजावून ठेवा.

## ७. परवानगी आणि आडोसा

अभ्यास संशोधन म्हणून छापायचा असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आधीच लागते. पण ती नसली तरी चालणारं काम असेल, तेव्हाही ग्रामसभेत जाऊन सांगा की कशासाठी आलो, काय विचारणार, त्या बदल्यात काय देऊ शकत नाही. शेवटचं विसरू नका; नाहीतर लोक तुम्हाला घरकुलाच्या यादीवाले समजून दुखणी वाढवून सांगतात, किंवा पोरं नेतील म्हणून लपवतात.

अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. कोरकूत समजावून सांगा, मग तिलाच परत सांगायला लावा.

गोपनीयतेचं म्हणाल तर ओट्यावर खुर्ची टाकली की दोन मिनिटांत वीस माणसं जमतात. शेतात, विहिरीच्या वाटेवर, दळण आणायला जाताना बोला. आम्ही एकाला मुद्दाम गर्दीपाशी ठेवतो. तो सगळ्यांना पाणी किती मिळतं, रस्ता कसा आहे ते विचारत राहतो. तेवढ्यात मुलाखत होते.

## ८. तीन प्रकारची माणसं आणि एक प्रवास

प्रत्येक गावात तीन गट हवेतच: उपचार चालू असलेले, सोडून दिलेले आणि कधीच न आलेले. पहिल्या गटाची यादी दवाखाना हसत देतो. दुसरा गट तुम्ही रजिस्टरमधून काढलेला आहे. त्यांची नावं आरोग्य कर्मचाऱ्याकडेच राहू द्या. 'कुणी भेटायला आलं तर चालेल का?' असं त्यांना आधी कर्मचाऱ्यानेच विचारावं. तिसरा लाल ठिपक्यांच्या गावांत. कमी वेळ असेल तर पहिला गट कापा, बाकीचे दोन नको.

भाषा विचारताना 'मातृभाषा कोणती?' एवढ्यावर थांबू नका. "घरात भांडण कुठल्या भाषेत होतं?" आणि "दवाखान्यात कुठल्या भाषेत बोललात?" असे दोन प्रश्न विचारा. दोन उत्तरांतलं अंतर हाच तुमचा महत्त्वाचा आकडा.

मग एका रुग्णासोबत, त्याच्या परवानगीने, घरापासून दवाखान्यापर्यंत आणि परत जा. स्वतःची गाडी न्यायची नाही. किती वाजता निघाला, एसटीची वाट किती पाहिली, भाडं, बुडालेली मजुरी, रांग आणि डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष मिनिटं किती, सगळं वहीत. धारणीहून अमरावती घाटातून सुमारे दीडशे किलोमीटर आहे. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. म्हणजे पुढे पाठवलं तर नागपूर. 'रेफर केले' या दोन शब्दांत हा सगळा रस्ता असतो.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर त्याला तीन गोष्टी विचारा: काय झालंय म्हणाले? गोळी कधी घ्यायची? परत कधी यायचं? तिन्हींची उत्तरं केसपेपरशी ताडून बघा.

भूमकाला भेटल्याशिवाय गाव सोडू नका. त्याला चूक ठरवायला जाऊ नका. कुठल्या दुखण्याला तो स्वतः दवाखान्यात धाडतो आणि धाडलेल्यांचं पुढे काय झालं, ते विचारा. दवाखान्याने त्याच्याशी कधी बोलणं केलं का, हेही.

## ९. आकडे मांडताना

सगळ्यांची सरासरी काढली की मराठी बोलणारे कोरकू बोलणाऱ्यांना झाकून टाकतात. म्हणून प्रत्येक तक्ता भाषेनुसार आणि बाई-पुरुष असा फोडा. गटात बारा माणसं असतील तर '६६.६७ टक्के' नका लिहू, 'बारापैकी आठ' लिहा.

'सेवेबद्दल तक्रार नाही' याला समाधान समजू नका. त्याऐवजी ठोस विचारलेलं दाखवा: परत जाल का, शेजारणीला पाठवाल का, मागच्या वेळी कशामुळे गेला नाहीत. आणि छोट्या गावात 'चाळिशीची विधवा, दोन मुली' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. असे तपशील काढून टाका.

शिफारशी तीन-चारच ठेवा, आणि प्रत्येकीपुढे कुणी करायचं ते लिहा. 'जनजागृती करावी' ही शिफारस नव्हे. 'ओपीडीच्या दिवशी कोरकू बोलणारी व्यक्ती मानधनावर बसवावी', 'दिवाळीआधी स्थलांतर करणाऱ्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का ते डॉक्टरांनी रुग्णागणिक ठरवावं', या शिफारशी.

## १०. परत जा

अहवाल जिल्ह्याला देण्याआधी निष्कर्ष गावात, कोरकूत, तोंडी सांगा. अर्धा तास पुरतो. चुकीचं असेल ते लोक तिथेच दुरुस्त करतात. एकदा आम्ही 'अंतरामुळे बाया येत नाहीत' असं मांडलं, तर मागून एक बाई म्हणाली, बाजाराला आम्ही त्याहून लांब जातो. ओपीडीतल्या खोलीला दार नाही, म्हणून येत नाही. अंतराचा मुद्दा तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि दाराचा पहिल्यावर आला.